वीस वर्षं एकच भूमिका: शिवाजी साटम वाया गेले का?

एप्रिल २०२५च्या पहिल्या आठवड्यात सोनी वाहिनीने शिवाजी साटम साकारत असलेल्या एसीपी प्रद्युमन या पात्राला श्रद्धांजली वाहणारी पोस्ट टाकली आणि पुढचे काही दिवस समाजमाध्यमांवर हाच विषय होता. ‘सीआयडी’ ही मालिका सहा वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली होती आणि नव्या कथेत बॉम्बस्फोटात हे पात्र मारलं गेलं. चाहते संतापले. लहानपणापासून घरात येणाऱ्या माणसाला असं घालवतात का, असा त्यांचा सवाल होता. दुसरा सूर होता मराठी नाटक-सिनेमा आस्थेने पाहणाऱ्यांचा. एवढा ताकदीचा नट, वीस वर्षं प्रेताभोवती उभं राहून हवेत बोटं फिरवण्यात संपला. आता तरी सुटला, असं त्यांचं म्हणणं. पुढे ते पात्र मालिकेत परतलं आणि वाद विरून गेला. पण वादातला मुख्य प्रश्न तसाच राहिला. दूरचित्रवाणीवर एकच भूमिका दोन दशकं करणाऱ्या नटाचं काम मोजायचं कसं?

माझं मत सरळ आहे. साटम वाया गेले नाहीत. त्यांनी जे केलं ती अभिनयाची वेगळी शाखा आहे, तिचे नियम वेगळे, तिचे धोके वेगळे, आणि ती आपण अजून अभ्यासायलाच घेतलेली नाही. चाहते तिला आठवणींच्या गोडव्यात बुडवतात आणि जाणकार तिला सिनेमाच्या फूटपट्टीने मोजून नापास करतात. दोघांच्याही बोलण्यात प्रत्यक्ष काम कुठेच दिसत नाही.

आधी विरोधी बाजूला जे द्यायला हवं ते देऊन टाकतो, कारण तिचे मुद्दे हलके नाहीत. मालिकेचं लेखन साच्यातलं होतं. प्रेत सापडतं, पहिला संशयित निर्दोष निघतो, प्रयोगशाळेतून धागा मिळतो, दार तुटतं, थप्पड बसते, कबुलीजबाब होतो. प्रयोगशाळेतलं विज्ञान तर कित्येकदा शाळेच्या प्रदर्शनातलं वाटावं असं; परीक्षानळीतलं पाणी निळं झालं की विषाचं नाव कळलं. दुसरा मुद्दा याहून जड आहे. ज्यांनी ‘उत्तरायण’ पाहिला आहे त्यांना माहीत आहे की साटम कुठपर्यंत जाऊ शकतात. उतारवयात जुनी मैत्रीण पुन्हा भेटलेल्या एकट्या माणसाचा संकोच, न बोललेलं प्रेम, नीना कुलकर्णींच्या समोर बसून नुसतं ऐकणं, हे सगळं त्यात आहे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या त्या चित्रपटानंतर तशा दहा भूमिका का आल्या नाहीत, ही हळहळ खरी आहे. आणि तिसरा मुद्दा प्रतिमेचा. अरुण गोविल यांनी १९८७-८८ मध्ये राम साकारला आणि पुढची कित्येक वर्षं लोकांना त्यांच्यात दुसरं काही दिसेना. दूरचित्रवाणी नटाला घराघरात नेते आणि तिथेच डांबून ठेवते, असं कोणी म्हटलं तर ते खोटं कसं म्हणायचं?

हे सगळं मान्य करूनही निष्कर्ष चुकतो, कारण त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: जितक्या जास्त भूमिका, तितका नट मोठा. हे गृहीत आपल्यात आलं कुठून? मराठी रंगभूमीतून तर खचितच नाही. प्रभाकर पणशीकरांनी ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे १९६२ पासून रंगवायला घेतला आणि पुढे दशकानुदशकं, हजारो प्रयोग तोच माणूस उभा केला. कोणी म्हटलं का, की पणशीकर लखोबात वाया गेले? ‘वस्त्रहरण’ नाटकातल्या मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने गावोगाव, परदेशातही मालवणीला मान मिळवून दिला. तिथे कोणी त्यांच्या भूमिकांची यादी मागितली नाही. ‘एकच प्याला’तली बालगंधर्वांची सिंधू पाहायला लोक पुन्हा पुन्हा जात आणि आजची सिंधू कालच्याहून कशी वेगळी होती यावर घरी येऊन वाद घालत. म्हणजे एकाच भूमिकेत वर्षानुवर्षं राहणं ही आपल्या परंपरेत कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती. भूमिका पिकते, मुरते, असंच आपण म्हणत आलो. तीच गोष्ट पडद्यावर घडली की तिला ‘अडकणं’ म्हणायचं, हा दुजाभाव नाही का?

यावर उत्तर ठरलेलं आहे: रंगभूमीवर रोज जिवंत प्रेक्षक असतो, रोज जोखीम असते, मालिकेत कॅमेरा आणि रीटेक. वरवर पाहता बरोबर. पण जरा खोलात जाऊ. नाटकात संहिता तीच असते आणि प्रेक्षक नवे येतात. नट त्याच वाक्याला शंभर रात्री घासतो, कुठे हशा येतो ते ओळखतो, कुठे श्वास घ्यायचा ते पक्कं करतो. मालिकेत नेमकं उलटं घडतं. प्रेक्षक तेच राहतात आणि संहिता दर आठवड्याला नवी येते. साटमांसमोर ऑक्टोबर २०१८ पर्यंत १५४७ भाग आले. प्रत्येक प्रकरणात नवा खून, नवी नावं, नवे पत्ते, नव्या तारखा. आणि हे सगळं बोलणारा माणूस मात्र जानेवारी १९९८ मध्ये जो होता तोच वाटला पाहिजे. तालमीला महिना तर नाहीच, कित्येकदा दिवससुद्धा नाही. पानं हातात येतात, मेकअप चालू असताना वाचली जातात, दुपारी चित्रित होतात. घासायला वेळच नाही. मग सातत्य येतं कुठून? ते माणसाच्या चालीत, आवाजात, थांबण्यात आधीच बसलेलं असावं लागतं.

तपास-मालिकेचं चित्रीकरण कसं चालतं ते एकदा नीट समजून घेतलं, तर ही अडचण डोळ्यांसमोर येईल. कथा सीनमध्ये तोडलेली असते, पण सीन कथेच्या क्रमाने घेतले जात नाहीत. ते जागेप्रमाणे घेतले जातात, कारण प्रकाशयोजना एकदा लावली की त्या जागेचं सगळं काम उरकणं स्वस्त पडतं. समजा एका भागात सीन ३, ११ आणि १९ प्रयोगशाळेत घडतात. तिन्ही एकाच दुपारी होणार. सीन ३ मध्ये अधिकाऱ्याला एवढंच कळतं की मृत्यू विषाने झाला. ११ मध्ये कळतं की विष खाण्यातून गेलेलं नाही. १९ मध्ये कळतं की प्रेत ज्याचं समजत होतो त्याचं नाहीच. तीन सीन, तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवरचं ज्ञान, आणि चेहरा एकच. नटाच्या डोळ्यांत १९व्या सीनचं शहाणपण तिसऱ्यात झिरपलं की रहस्य तिथेच फुटतं. गंमत अशी की ही चूक पकडायला कोणी नेमलेलं नसतं. कंटिन्युइटी सांभाळणारा सहायक शर्टाचं बटण बघतो, घड्याळ कोणत्या हातात होतं ते बघतो, फाइल उघडी होती की बंद ते टिपून ठेवतो. ‘या माणसाला आत्ता किती माहीत आहे’ हे त्याच्या वहीत लिहिलेलं नसतं. ते नटाने स्वतःच्या डोक्यात लिहायचं. एडिटिंगच्या टेबलावर ही चूक दुरुस्त होत नाही, कारण वाक्य बरोबर असतं, फक्त नजर चुकलेली असते.

आता त्या बोटांकडे येऊ, ज्यांची सगळ्यात जास्त नक्कल झाली. उजवा हात छातीच्या वर येतो, बोटं किंचित फाकलेली, मनगट हवेत हळूच फिरतं, मान थोडी कलते आणि मग वाक्य येतं: ‘कुछ तो गड़बड़ है.’ नकला करणाऱ्यांनी या हालचालीला लकब ठरवलं. ती दृश्यात काय काम करते ते बघा. घटनास्थळाच्या सीनमध्ये चौकटीत पाच ते सात माणसं उभी असतात. सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्याला दिसावेत म्हणून त्यांना अर्धचंद्रात उभं करतात, अगदी नाटकात करतात तसं. मध्ये प्रेत, भोवती अधिकारी, आणि एकेकजण माहितीचं एकेक वाक्य टाकतोय: दार आतून बंद होतं, फोन सापडला नाही, खिडकीची काच बाहेर पडली आहे. असा सीन सपाट होण्याचा धोका फार मोठा. प्रेक्षकाची नजर कुठे ठेवायची हेच कळत नाही. त्या क्षणी एक हात वर उठतो. चौकटीत हलणारी ती एकच गोष्ट असते, म्हणून नजर तिच्याकडे जाते. बाकीचे नट गप्प होतात. एडिटरला क्लोजअपवर कापायला जागा मिळते. आणि पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे हे न सांगता कळतं. एका मनगटाने चार कामं होतात. शिवाय ती हालचाल विचार करणाऱ्या माणसाची आहे, हवेतला न दिसणारा दोरा बोटांनी चाचपणाऱ्याची. रागाने टेबलावर मूठ आपटणारा पोलीस हिंदी पडद्यावर शेकड्यांनी होता. विचार करताना दिसणारा पोलीस किती होते?

प्रयोगशाळेतली भांडणंही तशीच. डॉ. साळुंखे झालेले नरेंद्र गुप्ता आणि साटम यांची जुगलबंदी लोकांना विनोदासाठी आठवते. पण तिचं खरं काम माहितीचं ओझं वाटून घेण्याचं होतं. शवविच्छेदनाचा अहवाल एकट्याने वाचून दाखवला तर पाऊण पानाचं भाषण होतं आणि प्रेक्षक चॅनेल बदलतो. तोच अहवाल एकाने अधीरपणे विचारायचा, दुसऱ्याने मुद्दाम ताणायचा, पहिल्याने चिडायचं, दुसऱ्याने मग फोडायचा, असं केलं की तीच माहिती दोन मित्रांच्या कुरबुरीतून पोचते. हे कागदावर असलं तरी जिवंत होतं ते लयीमुळे, आणि लय दोन नटांना वर्षानुवर्षं एकमेकांची सवय झाल्याशिवाय येत नाही. अभिजीत झालेले आदित्य श्रीवास्तव आणि दया झालेले दयानंद शेट्टी यांच्याशी असलेलं त्यांचं गणितही हेच. दयाला दार तोडायला सांगताना साटम आवाज चढवत नाहीत. सवयीच्या माणसाला सांगावं तसं सांगतात. ते वाक्य लोकांच्या तोंडी बसलं त्यात या साधेपणाचा वाटा मोठा आहे.

रीटेकचा मुद्दा ज्यांना फार महत्त्वाचा वाटतो त्यांनी ७ नोव्हेंबर २००४ ला दाखवला गेलेला भाग आठवावा. १११ मिनिटं, एकही कट नाही, लोणावळ्यात सलग एका शॉटमध्ये चित्रित केलेला. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. सलग शॉटमध्ये नव्वदाव्या मिनिटाला कोणी अडखळलं तर आधीची नव्वद मिनिटं फुकट जातात. कॅमेरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो तेव्हा त्याच्या मागून माणसांनी धावत आपापल्या पुढच्या जागी पोचायचं असतं, आणि पोचल्यावर धाप लागलेली दिसता कामा नये. हे नाटक नव्हे तर काय? उलट नाटकात पडदा पडतो, मध्यंतर होतं. ही पथकं असं धाडस करू शकली कारण सहा-सहा वर्षं रोज एकत्र उभं राहून त्यांची अंगं एकमेकांना ओळखू लागली होती.

आणि हे अंगवळण आलं कुठून, हेही सांगायला हवं. साटम सेंट्रल बँकेत रोखपाल होते. आंतरबँक नाट्यस्पर्धेत बाळ धुरी यांनी त्यांना हेरलं आणि ‘संगीत वरद’ या नाटकात संधी दिली. मुंबईतल्या बँका, विमा कार्यालयं, गिरण्या आणि सरकारी खाती यांच्या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती नट पुरवले याचा हिशेब कोणी तरी एकदा मांडायला हवा. दिवसभर खिडकीवर नोटा मोजायच्या, संध्याकाळी तालीम, रात्रीची शेवटची लोकल. या वाटेने आलेल्या नटाला दोन गोष्टी आपोआप मिळतात. एक, वेळेवर येण्याची आणि नेमून दिलेलं काम नेमकेपणाने करण्याची शिस्त. दुसरी, पगारदार मध्यमवर्गीय माणूस कसा उभा राहतो, कसा वैतागतो, वरिष्ठाशी आणि हाताखालच्याशी कसा बोलतो याचं जवळून झालेलं निरीक्षण. एसीपी प्रद्युमन हा वर्दीतला नायक नाही. तो साध्या शर्ट-पँटमधला, घरून डबा खाऊन निघाल्यासारखा दिसणारा सरकारी अधिकारी आहे. ते कचेरीतल्या अनुभवाचं देणं आहे. १९८०च्या ‘रिश्ते-नाते’पासून ते दूरचित्रवाणीवर होते. पुढे बी. पी. सिंग यांच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी पोलीस मालिकेतही त्यांनी काम केलं. सिंग स्वतः मुंबई दूरदर्शनचे कॅमेरामन. म्हणजे ‘सीआयडी’ सुरू झाली तेव्हा दिग्दर्शक आणि नट दोघांनाही पोलीसकथा नवी नव्हती. मराठीत तिचा पाया आधीच घातला गेला होता. हिंदी वाहिनीवरच्या सर्वांत दीर्घायुषी मालिकांपैकी एकीचं मूळ सह्याद्रीच्या कुशीत आहे, हे आपणच विसरलो.

यातली भाषेची बाजू मला फार महत्त्वाची वाटते. त्याआधीच्या हिंदी पडद्यावर मराठी पोलीस म्हणजे बहुतेक वेळा ढेरपोट्या हवालदार; त्याची हिंदी हसण्यासाठी असायची. साटमांची हिंदी मराठी वळणाचीच आहे, त्यांनी ती कधी पुसली नाही. पण त्या उच्चाराला कोणी हसलं नाही. तो वीस वर्षं देशभर ऐकला गेला तो एका बुद्धिमान, संयमी अधिकाऱ्याचा उच्चार म्हणून. हे काम एखाद्या गाजलेल्या चित्रपटाने झालं नसतं. त्याला दर आठवड्याची पुनरावृत्तीच लागते.

राहता राहिला संधी हुकल्याचा आरोप. तारखा लावून बघू. ‘सीआयडी’ १९९८ मध्ये सुरू झाली. १९९९ मध्ये ‘वास्तव’ आला. त्यात साटम रघूचे वडील आहेत, मुलगा गुन्हेगार होताना हताशपणे बघत राहणारे, चाळीतले. इकडे मालिकेत प्रद्युमनचा स्वतःचा मुलगा नकुल गुन्हेगार निघतो आणि बापाची गोळी त्याला लागते. एकच नट, गुन्हेगार मुलाचे दोन बाप, एक खचलेला आणि एक कठोर. असा योग कोणत्या नटाला मिळतो, आणि तो मिळूनही आपल्यापैकी किती जणांनी ही दोन कामं शेजारी ठेवून पाहिली? ‘उत्तरायण’, २००८चा ‘दे धक्का’, २०१०चा ‘हापूस’ ही सगळी कामं मालिका चालू असतानाचीच. तेव्हा मालिकेने त्यांना कोंडून ठेवलं हे तारखांना धरून नाही. तशा भूमिका आणखी आल्या नाहीत याचं कारण मराठी चित्रपटात साठीच्या माणसाला केंद्रस्थानी ठेवून लिहिणारे कमी होते हे आहे, आणि त्याचा जाब नटाला विचारून उपयोग नाही. उलट, महिन्याचं काम नक्की असल्यामुळेच कमी पैशांच्या मराठी चित्रपटाला तारखा देणं परवडतं, हे या धंद्यात वावरणारा कोणीही सांगेल.

इथे दिलीप प्रभावळकरांचं उदाहरण दिलं जातं आणि ते द्यायलाही हवं. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिमणराव, मग २००१ मध्ये टिपरे आबा, मधल्या काळात रंगभूमीवर एकाच नाटकात सहा-सहा रूपं, आणि २००६ सालचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार. प्रत्येक वेळी नवा माणूस. ही वाट थोरच आहे. पण ती एकमेव आहे असं कुठे लिहिलंय? काही नट शंभर घरांत एकेक रात्र मुक्काम करतात, काही एकाच घरात आयुष्य काढून त्याची वीट न् वीट ओळखतात. प्रभावळकरांना प्रद्युमन वीस वर्षं करता आला असता का, हा प्रश्न आपण कधीच विचारत नाही. साटमांना मात्र नेहमी उलटा प्रश्न विचारतो.

टीका करायचीच तर ती योग्य पत्त्यावर जाऊ दे. माझी खरी तक्रार लेखनाशी आणि वाहिनीशी आहे. राज्यातला पोलीस अधिकारी ५८व्या वर्षी निवृत्त होतो. साटम मालिका सुरू होताना सत्तेचाळीस वर्षांचे होते, ती थांबली तेव्हा अडुसष्ट. या जवळपास एकवीस वर्षांत पात्राला ना बढती मिळाली, ना निवृत्तीची चाहूल, ना गुडघेदुखी, ना हाताखालच्यांनी एखाद्या प्रकरणात त्याला मागे टाकण्याचा प्रसंग. केस काळे ठेवले की वय झाकतं, असं मानलं गेलं. हातात असा नट असताना म्हातारा होत जाणारा तपास अधिकारी दाखवण्याची संधी भारतीय दूरचित्रवाणीला आयती मिळाली होती. नजर मंदावलेला पण डोकं तल्लख असलेला, शेवटच्या प्रकरणावर निवृत्तीच्या आदल्या दिवशी सही करणारा प्रद्युमन लिहिता आला असता. ते न करता एप्रिल २०२५ मध्ये, ज्या महिन्यात साटम वयाची पंचाहत्तर वर्षं पुरी करत होते, पात्र बॉम्बने उडवलं गेलं आणि मग माघारी आणलं गेलं. चाहत्यांचा राग या जागी बरोबर होता, फक्त त्यांना तो नीट मांडता आला नाही. प्रश्न पात्र मेलं याचा नव्हता. इतक्या वर्षांत रुजलेल्या माणसाचा शेवट लिहिताना त्याच्या घडणीचा विचार केला गेला का, हा होता.

याच्याशी जोडलेला एक रोखठोक प्रश्न मालकीचा आहे. मालिकेतल्या नटाला दिवसाच्या हिशेबाने पैसे मिळतात, आणि तेही साधारण नव्वद दिवसांनी, अशी या धंद्याची जुनी रीत. त्यानंतर तो भाग कितीदाही दाखवला, दुसऱ्या भाषेत नेला, इंटरनेटवर टाकला, तरी बहुतेक नटांना त्यातून काही येत नाही. २०१२च्या कॉपीराइट कायदादुरुस्तीने गीतकार, संगीतकार, पटकथालेखक यांच्या रॉयल्टीचा हक्क विकूनही न जाणारा केला. कलावंतांच्या हक्काचीही त्यात तरतूद झाली, पण मालिकेतल्या नटाच्या हाती ती फारशी पोचली नाही. हॉलीवूडच्या नटांनी यासाठी १९६० मध्येच संप केला होता आणि २०२३ मध्ये पुन्हा ११८ दिवस केला. आपल्याकडे हा विषय काढला की ‘पैसे घेऊनच काम केलं ना’ असं ऐकायला मिळतं. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीवर लेखकाला मानधन मिळावं हे ज्यांना पटतं, त्यांना पंधराव्या फेरप्रक्षेपणावर नटाला काही मिळावं हे का पटू नये?

जपणुकीचं तर विचारूच नका. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मालिकेला जागा नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पहिल्या वर्षांतल्या कितीतरी कार्यक्रमांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, कारण टेप महाग होत्या. चिमणराव ज्यांनी पाहिला ते त्याच्याबद्दल डोळे मिटून बोलतात, कारण उघड्या डोळ्यांनी बघायला फारसं उरलेलं नाही. ‘सीआयडी’च्या बाबतीत उलट झालंय: सगळं मोबाइलवर उपलब्ध आहे, आणि म्हणूनच कोणी ते लक्ष देऊन बघत नाही.

तेव्हा ज्यांना हे काम मोजायचंय त्यांनी सुट्या क्लिपा बाजूला ठेवाव्यात. १९९८चे दोन भाग घ्यावेत, २००४चा तो सलग शॉट, मग साधारण २०१०चे दोन आणि २०१८चे शेवटचे दोन. ओळीने, पूर्ण. फक्त साटम बोलत नसतानाचे क्षण बघावेत. अभिजीत काही सांगतोय आणि प्रद्युमन ऐकतोय, डोळे प्रेतावर, हात अजून खिशाशी. तो हात उठायच्या आधी नजरेत काय हलतं ते बघायचं, आणि १९९८च्या नजरेपेक्षा ती वीस वर्षांनी किती वेगळी झाली ते वहीत टिपून ठेवायचं.